ससिकरक्षण लीळा आणि आकस्मिक भय

लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा पंथातील लहानथोरांस परिचित आहे. पारध्यांनी कुत्री सोडलेली, त्यांच्यापुढे जीव घेऊन धावणारा ससा, आणि आसनस्थ सर्वज्ञांच्या जानूखाली त्याने घेतलेला आश्रय, एवढाच या लीळेचा बाह्य विस्तार आहे. पारधी आपले सावज मागतात. आश्रयास आलेल्या जीवाची पाठ सोडावी, हे सर्वज्ञांच्या निरूपणाने त्यांना पटते व ते माघारी फिरतात. त्यानंतर सर्वज्ञ जानू उचलतात आणि सशास निरोप देतात. या लीळेचे निरूपण अहिंसा व शरणागतरक्षण या दोन अंगांनी केले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु भयग्रस्त जीवाशी कसे वागावे, हे तिसरे अंगही या लीळेत आहे. प्रस्तुत पाठात त्याच अंगाचा विचार कर्तव्य आहे.

लीळेतील क्रम बारकाईने पाहिला असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ससा थरथरत होता म्हणून त्यास दोष दिला गेला नाही. त्यास प्रथम जागा मिळाली. दुसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. भयाचे कारण दूर झाल्यावर जानू उचलली गेली. ससा जानूखालीच राहिला असता तर जगला असता खरा, परंतु ससा म्हणून जगला नसता. त्याचे रान त्यास परत मिळणे हाही रक्षणाचाच भाग होता. पहिला आश्रय आणि मग निरोप, हे या लीळेतील रक्षणाचे दोन चरण होत.

प्रसंगाचे औचित्य

हा विचार मराठवाड्यातील साधकांस व सद्भक्तांस विशेष आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होते; लोक उशिरा निजले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी इत्यादी गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या शासकीय गणनेनुसार आठ हजारांच्या जवळ, तर अन्य नोंदींनुसार दहा हजारांच्या जवळ जाते. पुढे गावांचे पुनर्वसन झाले, नवी घरे उभी राहिली. पण ज्या घराने आजवर ऊनपाऊस अडविला त्याच घराने माणसे मारली, हा धसका भिंतींबरोबर नाहीसा झाला नाही. ज्यांच्या घरास तडाही गेला नव्हता अशांनीही कित्येक दिवस रात्री उघड्यावर किंवा पत्र्याच्या आडोशाला काढल्या.

त्या भयाला पुढेही खाद्य मिळत राहिले. २००६ च्या अखेरीपासून काही काळ नांदेड शहराच्या काही भागांत भूगर्भातून गडगडाट ऐकू येत व सौम्य धक्के जाणवत. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरी येथे तसेच घडले. २१ मार्च २०२४ रोजी व पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड व परभणीपर्यंत जाणवले. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी तर लातूर शहरात विवेकानंद चौक परिसरात जमिनीतून आवाज आल्याने घबराट पसरली, परंतु भूकंपमापक यंत्रांवर कोणत्याही धक्क्याची नोंद झाली नाही. हा शेवटचा प्रसंग साधकाने मनात ठेवावा. पुढील विवेचनास तो उपयोगी पडणार आहे.

भूकंप हे एक निमित्त झाले. पाऊस हुकलेला शेतकरी, कर्जाची तारीख मोजणारा गृहस्थ, परीक्षेसाठी घर सोडून लातूरच्या खोलीत एकटा राहिलेला विद्यार्थी, बाळंतपणानंतर झोप हरपलेली माता, या सर्वांस त्याच प्रकारचे भय गाठते. कधी तर काहीच निमित्त दिसत नाही.

भयाचे लक्षण

येथे चिंता आणि आकस्मिक भय यांतील भेद प्रथम जाणून घ्यावा. चिंता मंद आगीसारखी धुमसते, पुढे काय होईल या विचाराभोवती दिवसचे दिवस फिरत राहते. आकस्मिक भय एकाएकी उसळते. वैद्यकात त्यास पॅनिक अटॅक म्हणतात. छाती धडधडू लागते, दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, श्वास पुरत नाही, घसा आवळल्यासारखा होतो, छातीत दुखते, मळमळते, भोवळ येते, बोटांना मुंग्या येतात, भोवतालचे सर्व खोटे वाटू लागते. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, आता आपण मरणार किंवा आपले भान सुटणार, अशी खात्री पटते. हा वेग बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि साधारणतः अर्ध्या तासात ओसरतो. ज्यास तो येतो त्यास मात्र ती दहा मिनिटे एखाद्या रात्रीएवढी वाटतात.

यामागील देहव्यापार असा. संकट दिसताच मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, हृदय वेगाने रक्त पुरवू लागते, स्नायू ताठरतात, श्वास वाढतो. ही पळण्याची किंवा झुंजण्याची सिद्धता आहे. कुत्र्यांपुढे धावणाऱ्या सशाच्या देहात हेच घडत होते, आणि त्याच बळावर तो आश्रयस्थानापर्यंत पोहोचला. म्हणजे भय हा देहाचा शत्रू नसून राखणदार आहे. दोष एवढाच की, तो कधी कधी कुत्री नसतानाही हाक देतो. मनुष्य बसल्याजागी धापा टाकू लागला म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळेच भोवळ येते व बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्या पाहून तो अधिक भितो, अधिक धापा टाकतो, आणि भयास भय वाढत जाते.

दृष्टांत

कोणी एक शेतकरी होता. त्याने ज्वारीच्या राखणीस एक राखणदार ठेवला. एके रात्री रानडुकरांचा कळप फडात शिरला आणि राखणदाराचा डोळा लागला असल्याने उभे पीक गेले. त्या दिवसापासून तो राखणदार ताट हलले तरी ओरडू लागला, वारा सुटला तरी गोफण फिरवू लागला. शेतकरी प्रत्येक हाकेस धावत येई, काही न आढळता परत जाई. पुढे त्याने शेताकडे फिरकणेच सोडले. तेव्हा एका जाणत्याने त्यास सांगितले, ‘‘राखणदाराला हाकलू नको आणि त्याच्या हाकेसरशी पळूही नको. चार रात्री त्याच्याजवळ माच्यावर बस. तो ओरडला की दोघे मिळून ऐका. वारा असेल तर वारा म्हणा.’’ शेतकऱ्याने तसे केले. राखणदार पहिल्या रात्री फार ओरडला, दुसऱ्या रात्री थोडा कमी. पुढे पुढे वारा कोणता आणि जनावर कोणते, हे त्यास पुन्हा कळू लागले.

दार्ष्टांतिक

शेत म्हणजे देह. राखणदार म्हणजे देहातील भयवृत्ती. पीक जाणे म्हणजे पूर्वी भोगलेला आघात. हाकेसरशी धावणे म्हणजे भय उठताच पळ काढणे. आणि शेताकडे न फिरकणे म्हणजे ज्या ठिकाणी भय आले ते ठिकाण टाळणे. बाजारात भय आले म्हणून बाजार टाळला, एस.टी.त आले म्हणून प्रवास टाळला, एकटे असता आले म्हणून एकटे राहणे टाळले, असे करता करता मनुष्याचे रान आकसत जाते आणि शेवटी उंबरठाही ओलांडवत नाही. माच्यावर बसणे म्हणजे भय आले असता तेथेच थांबून त्यास उसळू देणे व ओसरू देणे. यंत्रांवर धक्का नोंदला गेला नाही, आवाज मात्र ऐकू आला, हा विवेकानंद चौकातील प्रसंग येथे आठवावा. आकस्मिक भयात आवाज खरा असतो, पण भूकंप झालेला नसतो.

हीच गोष्ट दुसऱ्या प्रकारेही समजते. माहूरास देवदेवेश्वराच्या दर्शनाला जाणारा यात्रिक गड चढतो, तेव्हा त्याचीही छाती धडधडते, त्यासही धाप लागते, घाम येतो. परंतु तो म्हणतो, चढण आहे, आणि क्षणभर टेकून पुढे जातो. तीच धडधड घरात बसलेल्यास आली की तो म्हणतो, मरण आले. दोघांच्या देहातील खुणा पुष्कळशा सारख्याच असतात. दोघे त्यांचा अर्थ निराळा लावतात.

आचरणाचा क्रम

प्रथम कर्तव्य वैद्यकीय तपासणीचे आहे. पहिल्यांदाच असा वेग आला असता, विशेषतः छातीत दुखत असल्यास, वय उताराचे असल्यास किंवा मधुमेह, रक्तदाब असल्यास, हे भयच आहे असे घरी ठरवू नये. ताबडतोब दवाखाना गाठून हृदयाची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा विकार, रक्तातील साखर उतरणे, रक्तक्षय यांतही अशी लक्षणे दिसतात. चहा, कॉफी व तंबाखू यांचा अतिरेक धडधड वाढवितो.

देहात अन्य विकार नाही, असे वैद्याने सांगितल्यावर पुढील क्रम आचरावा. वेग आला असता जेथे असू तेथेच बसावे. हे भय आहे, पूर्वीही आले होते आणि ओसरले होते, एवढे वाक्य मनाशी म्हणावे. श्वास मोठा घेण्याची धडपड करू नये. सोडण्याकडे लक्ष द्यावे. नाकाने चार अंक मोजेपर्यंत घ्यावा, सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. पाय जमिनीवर टेकवावेत. डोळ्यांसमोरच्या पाच वस्तू ओळखाव्यात, कानी पडणारे आवाज ओळखावेत. वेग ओसरल्यावर हातचे काम होते तेथूनच पुढे चालू करावे. आणि जे स्थान टाळले गेले असेल तेथे थोडे थोडे करून परत जावे. आज वेशीपर्यंत, उद्या थांब्यापर्यंत, नंतर एक थांबा बसने. ही चढण नेटाने पण क्रमाने चढावी.

शंका आणि समाधान

शंका पहिली. नामधारकास भय यावेच का? भय आले म्हणजे स्मरणात उणेपणा आहे, असे होत नाही काय? समाधान असे की, देहधर्म उपदेशी व अनुपदेशी असा भेद करीत नाहीत. उपदेश घेतलेल्यास ताप येतो, ठेच लागते, तसेच भयही येते. तापलेल्या माणसास त्याच्या श्रद्धेविषयी कोणी विचारीत नाही. मग थरथरणाऱ्यासच का विचारावे? असा प्रश्न विचारणारा एका दुःखावर अपराधाचे दुसरे दुःख रचतो. सशास कोणीही योग्यता विचारली नव्हती.

शंका दुसरी. मग भय आले असता नामस्मरण करावे की नाही? ही शंका सूक्ष्म आहे आणि साधकाने तिच्याकडे लक्ष द्यावे. स्मरण अवश्य करावे, परंतु ते उताऱ्यासारखे वापरू नये. भय जावे म्हणून जो नाम घेतो, तो प्रत्येक नामानंतर भय गेले का हे तपासतो. गेले नसेल तर अधिक घाबरतो, आणि आता नामानेही काही होत नाही, या विचाराने खचतो. अशा वेळी स्मरण हीच एक नवी परीक्षा होऊन बसते. याउलट, भय असेल तर असो, श्वास सोडताना नाम चालू आहे, असे जो बसतो, त्याचे स्मरण स्मरणच राहते आणि भयही आपल्या वेळेस ओसरते. स्मरणास भयाच्या येण्याजाण्याशी बांधू नये, हे या पाठातील मुख्य सूत्र होय.

शंका तिसरी. किल्लारीस १९९२ सालीही धक्के बसले होते, आणि पुढच्याच वर्षी अनर्थ झाला. तर मग प्रत्येक आवाजास भिणे हेच शहाणपण नव्हे काय? समाधान असे की, खऱ्या धोक्याचे उत्तर दिवसाउजेडी द्यावयाचे असते. घराच्या भिंती बांधून घेणे, छतावरील मातीचा भार कमी करणे, दाराची वाट मोकळी ठेवणे, धक्का जाणवताच कोठे जायचे हे मुलांस दाखवून ठेवणे, ही ती कर्मे होत. जमीन खरोखर हलली तर ठरल्याप्रमाणे वागावे. एवढे केल्यावर रात्रभर जागून छातीचे ठोके मोजण्याने घर अधिक बळकट होत नाही. दक्षता कृती करून थांबते, चिंतेला मात्र थांबा माहीत नसतो.

शंका चौथी. हा बाहेरचा प्रकार, लागीर किंवा करणी असू शकत नाही काय? समाधान असे की, वर सांगितलेल्या प्रत्येक लक्षणाचे देहातील कारण ज्ञात आहे आणि त्यावर उपचारही ज्ञात आहेत. करणीचा संशय घेतला की शेजारची एखादी विधवा, एखादी सून किंवा भावकीतील कोणी निष्कारण आरोपी होते, आणि रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात. एका परमेश्वरास अनन्य असलेल्याने गंडेदोरे व उतारे यांच्या मागे लागावे, हे त्याच्या अनन्यतेशीही विसंगत आहे.

आश्रमाचे कर्तव्य

या ठिकाणी पंथीयांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मनाने पीडित झालेल्यांस घेऊन त्यांचे आप्त दूरदूरच्या महानुभाव स्थानांवर येतात व तेथे कित्येक दिवस राहतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. व्हीडा स्कल्टन्स या विदुषीने महाराष्ट्रातील अशा एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली तो प्रसिद्ध केला. रुग्णासोबत त्याचे कुटुंबीय, विशेषतः स्त्रिया, येऊन राहतात आणि त्याची पीडा स्वतःवर घेऊ पाहतात, असे त्यांनी नोंदविले. यातील बळ उघड आहे: रुग्ण एकटा पडत नाही. यातील धोकाही उघड आहे: मुलाच्या आजाराचा भार आईच्या माथी येतो.

आलेल्यास आश्रय द्यावा, हे पंथाचे भूषणच आहे. परंतु आश्रय देऊन उपचार अडविला तर तो आश्रय राहत नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी धर्मस्थळाच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मरण पावले. त्यांस आणणारे आप्त दुष्ट नव्हते, ते निरुपाय झालेले होते. हा प्रसंग कोणत्या धर्माच्या स्थानी घडला हे पाहू नये. आपल्या स्थानी घडू नये हे पाहावे. भूत काढण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे, धुरी देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णास साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी अहिंसाधर्मीयास हे वर्ज्यच होते. याउलट, गुजरातेतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा दोन्ही एकत्र मिळण्याची व्यवस्था करण्यात आली. श्रद्धास्थान आणि वैद्य एकमेकांचे वैरी नसतात, याचे ते उदाहरण होय.

म्हणून कोणी थरथरत आश्रमात आला आणि म्हणाला, ‘‘बाबा, दंडवत. माझा जीव घाबरा होतो, आता मी वाचत नाही,’’ तर महंतांनी प्रथम त्यास बसवावे, पाणी द्यावे, त्याचे ऐकावे. काही नाही, उगीच भितोस, असे म्हणू नये; त्याच्यापाशी शांतपणे बसून राहावे. किल्लारीच्या वा अन्य आघाताच्या आठवणी त्याने सांगितल्या तर ऐकाव्यात, पण त्या उकरून काढू नयेत. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर विरहाने व्याकुळ झालेली भक्तमंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिली आणि लीळा आठवीत राहिली. म्हाइंभटांचे लीळाचरित्र त्याच आठवणींतून सिद्ध झाले. दुःख सोबतीने हलके होते, हे पंथास नवे नाही.

हा पहिला चरण झाला. दुसरा चरण निरोपाचा. त्याच आठवड्यात त्यास वैद्याकडे पाठवावे, शक्य तर एखादा वासनिक सोबत द्यावा. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व नांदेडनजीक विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांचे उपचार होतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते. वैद्याने औषध दिले तर त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, हे रुग्णास आधीच सांगावे, म्हणजे तो चार दिवसांत निराश होणार नाही. बरे वाटले म्हणून औषध एकाएकी बंद करू नये. तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय जडते, म्हणून त्या वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत. जीव देण्याचे विचार बोलून दाखविणाऱ्यास क्षणभरही एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आणि जो बरा होत आहे, पण आश्रमाबाहेर पाऊल टाकण्यास भितो, त्यास प्रेमाने परत पाठवावे. येथे राहिले की भय येत नाही, असे तो म्हणेल. ते खरेही असेल. परंतु आश्रम हा त्याच्यासाठी जानू आहे. त्याचे रान त्याच्या गावी आहे, शेतात आहे, शाळेत आहे. विजन साधकासाठी आहे, पळून आलेल्याच्या लपण्यासाठी नव्हे.

तात्पर्य

भय येणे हा दोष नव्हे आणि अपराध तर नव्हेच. ते उसळते आणि ओसरते. त्याच्यापासून पळाल्याने ते वाढते, त्याच्याजवळ बसल्याने ते क्षीण होते. स्मरण हे भयाचा उतारा नसून भयातही न सुटणारी सोबत आहे. आश्रय आणि औषध यांत विरोध नाही. भयभीतास जवळ घ्यावे आणि योग्य वेळी त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. ससा जानूखाली आला तेव्हा रक्षण सुरू झाले; तो आपल्या रानात धावत गेला तेव्हा ते पूर्ण झाले.

दंडवत प्रणाम.